बाळ फिरते का?

गर्भवतीची तपासणी करणाऱ्या परिचारिकेच्या तोंडी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एक प्रश्न ठरलेला असतो, आणि तो म्हणजे ‘बाळ फिरते का?’ वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांच्या नोंदी करता करता विचारलेला हा प्रश्न इतका सवयीचा झाला आहे की तो अनादी काळापासून विचारला जात असावा असे वाटते. प्रत्यक्षात गर्भाच्या प्रकृतीचा अंदाज घेण्यासाठी आईला हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारण्याची रीत आधुनिक वैद्यकात जेमतेम पन्नास वर्षांची आहे. त्यापूर्वी सुमारे दोन हजार वर्षे गर्भाच्या हालचालीविषयी पुष्कळ विचारणा झाली, परंतु ती वेगळ्याच कारणांसाठी झाली. गर्भात जीव आला की नाही हे पुरोहिताला हवे होते, मुलगा की मुलगी हे घराला हवे होते आणि गुन्हा किती मोठा हे न्यायालयाला हवे होते. पोटातले लेकरू सुखरूप आहे काय, ही त्या माहितीची धनीण असलेल्या स्त्रीची चिंता मात्र फार उशिरा शास्त्राचा विषय झाली. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्याच्या केनवडसारख्या गावातून पाहिले म्हणजे या इतिहासाचे पुष्कळसे धागे वऱ्हाडाच्याच मातीत सापडतात.

ज्या हालचालीभोवती हा इतिहास घडला तिचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलू लागतो, पण तेव्हा तो इतका लहान असतो आणि त्याच्याभोवती गर्भजल इतके असते की आईला काहीच जाणवत नाही. पहिलटकरणीला ही हालचाल साधारणपणे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते, तर आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला ती ओळखीची असल्यामुळे सोळाव्या आठवड्याच्या सुमारासही कळते. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर आणखी काही काळ ती दबून राहते. आरंभी फडफडल्यासारखे किंवा पोटात वायू फिरल्यासारखे वाटते, मग लाथा, ढुशा आणि कूस बदलणे स्पष्ट होत जाते. गर्भाला झोपही असते आणि ती बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची असून निरोगी गर्भाच्या बाबतीत नव्वद मिनिटांपलीकडे क्वचितच जाते. दुपारनंतर व संध्याकाळी हालचाल वाढते, आई कामात गुंतलेली असली की ती तिच्या ध्यानात कमी येते आणि आई आडवी झाली की जास्त येते. नवव्या महिन्यात जागा उरत नसल्यामुळे बाळ शांत होते, अशी जी समजूत सर्वत्र आढळते ती खरी नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेची जागा वळण्या-सरकण्याने घेतली जाते, पण हालचाल अखेरपर्यंत टिकते. वारेतून होणारा प्राणवायूचा पुरवठा तोकडा पडू लागला म्हणजे गर्भ जी पहिली काटकसर करतो ती मात्र हालचालीचीच, आणि म्हणून अचानक आलेला मंदपणा हा इशारा ठरतो.

भारतीय वैद्यकाने हालचालीकडे फार लवकर लक्ष दिले होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या महिन्यात सर्व इंद्रिये व अवयव एकदम प्रकट होतात, तेव्हापासून गर्भाला सुखदुःखाची जाणीव होते आणि तेव्हापासूनच तो स्पंदन करू लागून इच्छाही करू लागतो, अशा आशयाचे विवेचन आहे. सुश्रुतसंहितेने हा टप्पा चौथ्या महिन्यात धरला असून, आईचे एक आणि गर्भाचे एक अशी दोन हृदये बाळगणाऱ्या स्त्रीच्या इच्छा अपुऱ्या ठेवू नयेत असे सांगितले आहे. मराठी घरांतील डोहाळ्यांना शास्त्राधार मिळतो तो येथे. आई हालचाल ओळखते त्याच्या कितीतरी आधी गर्भ हलू लागतो हे चरकाचे म्हणणे, ते कोणत्याही मार्गाने आलेले असो, वस्तुस्थितीच्या जवळ जाणारे होते.

त्याच काळच्या गृह्यसूत्रांत मात्र हालचाल निराळ्या हिशेबाने येते. पुत्रप्राप्तीसाठी करावयाचा पुंसवन हा संस्कार गर्भ हलू लागण्यापूर्वी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यात करावा, असे पारस्कर गृह्यसूत्र सांगते, म्हणजे हालचाल ही गर्भाचे लिंग पक्के होण्याची जणू सीमारेषा मानली गेली होती. उजवी बाजू मुलाची आणि डावी मुलीची ही समजूतही सुश्रुताच्या लक्षणांत आहे आणि ती भारतापुरती मर्यादित नव्हती: ॲरिस्टॉटलच्या नावावरील प्राणिविषयक ग्रंथात मुलाची हालचाल चाळीसाव्या दिवसाच्या सुमारास उजवीकडे आणि मुलीची नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास डावीकडे जाणवते असे नोंदले आहे. दोन संस्कृतींतल्या विद्वानांनी एकमेकांना न विचारता एकच चूक करावी, यावरून हे ज्ञान कोणाच्या अपेक्षांनी आकारले होते ते दिसते.

ग्रंथांच्या बाहेर, घरात, हेच ज्ञान स्त्रियांच्या हाती होते आणि तेथे त्याचा उपयोग कालगणनेसाठी होई. मासिक पाळीची तारीख लिहून ठेवण्याची सोय नसलेल्या समाजात पोटातले लेकरू कधी फिरू लागले यावरून सुईण बाळंतपणाचा महिना मोजत असे. सुरुवातीच्या महिन्यांत गाजावाजा न करता भरली जाणारी चोरओटी आणि सातव्या महिन्यातले थाटाचे डोहाळजेवण यांच्या मधल्या काळातच हालचाल कळू लागते. गर्भ टिकला, याची खात्री पटल्यावरच गावाला बोलावणे धाडले जाई, असा या क्रमाचा सरळ अर्थ लावता येतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे हे ज्ञान आईकडून मुलीकडे बोलण्यातून पोचत असे. त्यात अनुभवाचा कस होता, तशीच ‘बाळ निजले असेल, उद्या फिरेल’ अशी धोकादायक समजूतही होती. ज्ञान जुने व बायकांचे आहे म्हणून त्यातले सगळेच सोने ठरत नाही.

हालचालीला कायद्याचे वजन आले ते इंग्रजी अमलात. गर्भ हलू लागला म्हणजे त्यात जीव आला, हा युरोपातील जुना धर्मशास्त्रीय विचार इंग्लंडच्या कायद्यात उतरला होता आणि तेथील १८०३ च्या कायद्याने हालचाल जाणवल्यानंतर केलेल्या गर्भपाताला मृत्युदंड, तर त्यापूर्वी केलेल्याला सौम्य शिक्षा ठेवली होती. हा भेद वैद्यकीय दृष्ट्या टिकणारा नाही हे ध्यानात आल्यावर इंग्लंडने तो १८३७ मध्ये काढून टाकला. त्याच वर्षी कलकत्त्यात मेकॉलेच्या आयोगाने भारतीय दंडसंहितेचा मसुदा सरकारला सादर केला. ती संहिता १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, तेव्हा मायदेशाने टाकून दिलेला भेद तिच्या कलम ३१२ मध्ये ठाण मांडून बसलेला होता. गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद, परंतु गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही शिक्षेस पात्र, अशी त्याची रचना होती. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. तो कागदोपत्री निजामाचा मुलूख राहिला तरी ही दंडसंहिता तेथेही लागू करण्यात आली, आणि आजचा केनवडचा परिसर ज्यात मोडतो तो वाशीमचा भाग या राजवटीखाली आला.

या कायद्याचा सर्वांत कठोर वार ज्यांच्यावर झाला त्या विधवा होत्या. १८५६ च्या कायद्याने विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली असली तरी उच्चवर्णीय घरांत तो जवळपास अशक्य होता, आणि फसवणुकीतून वा बळजबरीतून दिवस गेलेल्या विधवेपुढे गर्भपात, अर्भकहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कोंडीवर उपाय म्हणून. पोटातली पहिली हालचाल, जी सवाष्णीच्या घरी ओटी भरण्याचे निमित्त होई, तीच विधवेच्या बाबतीत शिक्षा दुपटीहून अधिक करणारी बाब ठरत होती, आणि तिची साक्षीदार ती स्वतःच असल्यामुळे गप्प राहण्यातच तिचे हित होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली व पुढे ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर जी आगपाखड केली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी लिहिलेले ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. ताराबाई बुलढाण्याच्या, म्हणजे केनवडच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या. गर्भ वाढवण्याचा भार बाईवर, अब्रूचा भारही बाईवर आणि तिला त्या अवस्थेत लोटणारा पुरुष मोकळा, हे त्यांनी ज्या तिखटपणाने मांडले तसे त्या काळात दुसऱ्या कोणी क्वचितच मांडले असेल. कलम ३१२ मधला भेद इतका चिवट निघाला की १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. व्यवहारात त्याची धार बोथट केली ती १९७१ च्या वैद्यकीय गर्भसमापन कायद्याने. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये दिलेल्या अहवालावर आधारलेल्या या कायद्याने हालचालीऐवजी आठवडे मोजण्याची पद्धत स्वीकारली.

न्यायालयात स्त्रीचा शब्द तिच्याविरुद्ध जात असताना वैद्यकात तो उतरणीला लागला होता. रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये नळीतून छातीचे आवाज ऐकण्याची युक्ती काढल्यावर दोनच वर्षांनी जिनिव्हाच्या फ्रांस्वा मायोर यांनी गर्भाच्या हृदयाचे ठोके आईच्या पोटातून ऐकू येतात असे जाहीर केले. १८२१ मध्ये पॅरिसमध्ये केर्गारादेक या वैद्याने दिवस भरत आलेल्या एका स्त्रीच्या पोटाला नळी लावली, ती खरे तर गर्भ हलताना गर्भजलात होणारा छपछप आवाज ऐकू येतो का हे पाहण्यासाठी. तो आवाज मिळाला नाही, पण जवळच घड्याळ टिकटिकावे तसा एक जलद ठोका ऐकू आला आणि तो आईच्या नाडीशी जुळत नव्हता. हालचाल शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती हृदय लागले, आणि पुढची दीडशे वर्षे प्रसूतिशास्त्र त्या हृदयामागेच गेले. १८९५ च्या सुमारास आदोल्फ पिनार यांनी रूढ केलेले कर्ण्याच्या आकाराचे श्रवणयंत्र, एक टोक पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकण्याचे, भारतातल्या प्रसूतिगृहांत विसाव्या शतकभर वापरात होते.

या बदलाचा परिणाम पाठ्यपुस्तकांत स्वच्छ दिसतो. गरोदरपणाची लक्षणे संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा तीन वर्गांत विभागली गेली. आईला जाणवलेली हालचाल पहिल्या, सर्वांत दुबळ्या वर्गात पडली आणि डॉक्टरच्या हाताला लागलेली तीच हालचाल तिसऱ्या, निश्चित वर्गात गेली. याला कारण नव्हते असे नाही, कारण पोटातल्या वायूला गर्भ समजणाऱ्या आणि गर्भ नसताना सगळी लक्षणे अनुभवणाऱ्या स्त्रियाही डॉक्टरांनी पाहिल्या होत्या. तरीही एका प्रश्नासाठी, म्हणजे गर्भ आहे की नाही यासाठी, अपुरी ठरलेली साक्ष दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे गर्भ बरा आहे की नाही यासाठी, मोलाची असू शकते, हा विचार त्या वर्गवारीत हरवला.

मराठी मुलखात हे नवे शास्त्र मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमार्फत आले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयात १८६१ पासून मराठीतूनही वर्ग भरू लागले, आणि तेथे शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी गर्भ व प्रसूती या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले. पण स्त्रीने पुरुष डॉक्टरपुढे पोट उघडे करणे ज्या समाजात अकल्पनीय होते तेथे पुस्तकापेक्षा स्त्री डॉक्टरची निकड मोठी होती. आनंदीबाई जोशी यांनी ती स्वतःच्या आयुष्यात भोगली होती, कारण चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले होते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. अमेरिकेत जाऊन, सगळे अद्ययावत शास्त्र समोर असताना एकविशीच्या तरुणीने मायदेशाच्या जुन्या ग्रंथांकडे वळावे, याला निव्वळ स्वाभिमान म्हणून चालणार नाही. जुन्यातले काय टिकते हे नव्याच्या शेजारी ठेवून पाहण्याची संधी त्या प्रबंधात होती. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले आणि वैद्यकीचा व्यवसाय त्यांना करताच आला नाही.

हालचालीचा स्वतंत्र अभ्यास युरोपात अधूनमधून होत राहिला. मारबुर्गच्या फ्रीड्रिश आल्फेल्ट यांनी १८८८ मध्ये गर्भ पोटात श्वासासारखी हालचाल करतो असे सांगितले, तेव्हा ते फारसे कोणी मानले नाही. सुमारे ऐंशी वर्षांनी ऑक्सफर्डमधल्या मेंढ्यांवरील संशोधनाने ते खरे ठरवले. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी पोटातले चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर गर्भ प्रत्यक्ष दिसू लागला, आणि १९८२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सातव्या आठवड्यापासून कोणती हालचाल केव्हा उमटते, ताणणे, उचकी, जांभई, हात तोंडाशी नेणे यांचा क्रम काय, याची बारकाईने नोंद केली.

महाराष्ट्रात याच यंत्राचा पुंसवनाच्या जुन्या इच्छेशी संगम झाला. १९८० च्या दशकात मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत गर्भलिंग तपासणीची दुकाने उघडली. स्त्री संघटनांनी उभारलेल्या लढ्यानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये अशा चाचण्यांचे नियमन करणारा देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्रानेही कायदा केला. तरीही राज्यातले सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत हजार मुलांमागे ९१३ होते ते २०११ मध्ये ८९४ वर घसरले. गर्भ पाहण्याचे साधन ग्रामीण भागात पोचले खरे, पण त्याच्याकडून अनेकांना जे हवे होते ते बाळाच्या कुशलाशी संबंधित नव्हते.

आईच्या अनुभवाला वैद्यकाने पुन्हा किंमत दिली ती १९७० च्या दशकात. जेरुसलेमचे एलियाहू सादोव्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये जोखमीच्या गरोदरपणातील स्त्रियांना दररोज हालचाली मोजायला लावल्या आणि हृदय थांबण्याच्या निदान बारा तास आधी हालचाल बंद पडते असे दाखवून दिले; म्हणजे केर्गारादेकने गाठलेल्या हृदयापेक्षा त्याने सोडून दिलेली हालचालच आधी बोलत होती. १९७६ मध्ये कार्डिफच्या पिअर्सन व वीव्हर यांनी सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंतच्या बारा तासांत किमान दहा हालचालींचा निकष मांडला, आणि कागद-पेन्सिलीखेरीज काहीच न लागणारी ही पद्धत जगभर पसरली. मोजणीवरचा विश्वास मात्र फार काळ टिकला नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६८,००० स्त्रियांच्या चाचणीत नियमित मोजणी करणाऱ्या गटात गर्भमृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. हालचाल मंदावल्याचे कळूनही रुग्णालयात योग्य वेळी योग्य निर्णय न झालेल्या घटना त्यात होत्या, ही गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. ब्रिटन व आयर्लंडमधील चार लाखांहून अधिक गरोदरपणांचा समावेश असलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्त्रियांना सजग करणे आणि डॉक्टरांना ठरावीक कार्यपद्धती देणे या दोन्हींनंतरही मृतजन्माचे प्रमाण हजारी ४.४० वरून ४.०६ एवढेच खाली आले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही; कृत्रिम कळा व सिझेरियन मात्र वाढले.

या निष्कर्षांतून हालचाल निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढला नाही. सर्व गर्भांना एकच आकडा लावण्याची कल्पना मागे पडली आणि त्याऐवजी प्रत्येक बाळाची आपली एक रीत असते, ती अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत आईच्या अंगवळणी पडते आणि त्या रीतीत बदल झाला तर त्याच दिवशी तपासणी व्हावी, ही भूमिका रुजली. ब्रिटनमधील २०११ च्या मार्गदर्शनाने दहाचा आकडा शंकेच्या वेळेपुरताच ठेवला: हालचाल कमी वाटल्यास डाव्या कुशीवर पडून दोन तास लक्ष द्यावे आणि तेवढ्यात दहा हालचाली न जाणवल्यास लगेच संपर्क साधावा. ठोका ऐकू येणे म्हणजे सगळे ठीक असणे नव्हे, कारण ठोका केवळ गर्भ त्या क्षणी जिवंत असल्याचे सांगतो. त्याच्या चढउतारांचा आलेख काढणारे यंत्र आणि सोनोग्राफी यांच्यामुळेच पुढचे समजते.

भारतात या विषयाचे गांभीर्य मोठे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १९ लाख मृतजन्म झाले आणि त्यांतले सुमारे ३.४ लाख एकट्या भारतातले होते. गर्भाला प्राणवायू कमी पडण्याशी ज्यांचा संबंध येतो त्या कारणांपैकी रक्तक्षय तर देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना आहे. सप्टेंबर २०१४ मधील राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत मृतजन्माचे प्रमाण हजारी एक अंकी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००५ पासून गावोगाव नेमल्या गेलेल्या आशा कार्यकर्त्या आणि २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला होणारी गर्भवतींची तपासणी यांमुळे ‘बाळ फिरते का’ हा प्रश्न आता केनवडसारख्या गावातल्या दारापर्यंत येतो. अडचण उत्तरानंतर सुरू होते, कारण ‘नाही, कालपासून कमी फिरते’ असे कोणी सांगितले तर ठोक्यांचा आलेख काढण्याची सोय सहसा मोठ्या रुग्णालयात, म्हणजे रिसोड, वाशीम किंवा अकोल्याच्या वाटेवर असते, आणि सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत दुखत-खुपत नसलेल्या बाईसाठी मजुरीचा दिवस मोडायचा की नाही हे ठरवणारी ती एकटी नसते.

माहेरच्या बाळंतपणाची जुनी रीत येथे एका नव्या अडचणीला जन्म देते. सातव्या महिन्यानंतर, म्हणजे हालचालीच्या सवयीला खरा अर्थ येऊ लागतो नेमक्या त्याच सुमारास, पहिलटकरीण सासर सोडून दुसऱ्या तालुक्यातल्या वा जिल्ह्यातल्या माहेरी जाते. तिला पाच महिने ओळखणारी परिचारिका व आशा मागे राहतात, आणि माता व बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, लसी यांच्या नोंदी तिच्यासोबत जातात. माहेरच्या आरोग्य केंद्रातली नवी परिचारिका ते कार्ड वाचून बाकी सगळे जाणू शकते, पण हे बाळ एरवी किती आणि केव्हा फिरते ही माहिती मिळवण्यासाठी तिला त्या मुलीलाच विचारावे लागते.